चाकू घेताना धार नव्हे, टोक पाहा



बंदीचे दिवस चालू आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामुळे सध्या सगळ्यांच्या अंगणात जाळी पसरलेली आहेत. दोर तपासायचे, शिसं नि फ्लोट बदलायचे, इंजिन उघडून बघायचं, ही कामं घरोघरी चाललीत. आम्ही नार्व्याचे, नदीतले लोक. आमच्या लहान होड्या पाऊस-वारा बघून पाण्यात उतरतात, पण मोठी दुरुस्ती आम्हीसुद्धा ह्याच दिवसांत काढतो. ह्या सगळ्या यादीत एक वस्तू मात्र कोणी धरत नाही. ती म्हणजे खिशातला घडीचा चाकू.

चाकू आपण घेतो कसा? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जातो, अंगठ्यावर धार बघतो, थोडा भाव करतो आणि खिशात टाकतो. धारेचं एवढं काही नाही. गेली तर दगडावर परत आणता येते. पात्याचा आकार मात्र एकदा घेतला की तोच राहतो. कुठल्या कामाला कुठलं पातं, हे होडीवर चढण्याआधी कळलेलं बरं. म्हणून आज त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

आधी घडलेली गोष्ट

आमच्यातलाच एक भाऊ गेल्या वर्षी दिवाडीच्या बाजूला कांडाळ ओढत होता. होडीत एकटाच. वाहत आलेली एक फांदी जाळ्यात गुंतली, दोराला पीळ पडला, म्हणून त्याने खिशातला चाकू काढला. तेवढ्यात बाजूने बार्ज गेली. बार्जीची लाट लगेच येत नाही, बार्ज पुढे गेल्यावर येते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक. त्यालाही ठाऊक होतं, पण लक्ष दोराकडे होतं. होडी कलली, तोल गेला आणि चाकूचं टोक डाव्या तळहातात घुसलं. टाके पडले. दोन महिने पाग मारता आला नाही. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं बाजूला लागलं असतं तर दोन बोटं कायमची गेली होती.

चाकू वाईट नव्हता, धारही उत्तम होती. नंतर तो स्वतःच म्हणाला, "मी दोर कापत होतो. दोर कापायला टोक लागतंच कुठे?"

त्याचं हे बोलणं खरं आहे. आपल्या कामातली बहुतेक कापाकाप धारेने होते, आणि इजा बहुतेक वेळा टोकाने होते. म्हणून चाकू हातात घेतला की पहिल्यांदा टोक बघा, धार मागाहून.

पातं कसं वाचायचं

पात्याला चार जागा असतात. एक धार. दुसरी पाठ, म्हणजे धारेच्या उलटी जाड बाजू. तिसरं पोट, म्हणजे टोकाजवळ धार जिथे गोलाई घेते ती जागा. चौथं टोक.

धार सरळ असेल तर ती दाबून कापते. दोर लाकडावर ठेवा, पातं वर टेकवा आणि दाबा, सगळी धार एकाच वेळी काम करते. धारेला पोट असेल तर ती सरकवत कापायला चांगली. मासळीची कातडी, मटण, फळं अशा मऊ गोष्टी पोटाने कापतात. धार आतल्या बाजूला वाकडी असेल, कोयत्यासारखी, तर ती वस्तू धरून ठेवते आणि ओढली की कापते. आणि टोक फक्त भोक पाडायला. एवढं लक्षात ठेवलं तर दुकानातला कुठलाही चाकू बघून तो कशासाठी केलाय ते तुम्हीच सांगाल.

आपल्या घरातली हत्यारंच बघा ना. माडाकडचा कोयता आत वाकलेला, कारण फांदी निसटू द्यायची नसते. रेंदेराची काती रुंद, कारण माडाची पोय पातळ पातळ तासायची असते. घरातली आदोळी पाटाला पक्की बसवलेली आणि धार आपल्याकडे, कारण मासळी दोन्ही हातांनी धरता यावी. ज्याने ही हत्यारं केली त्याने आधी काम बघितलं, मग आकार दिला. घडीच्या चाकूचंही तसंच आहे.

१. मेंढीच्या खुराचं पातं

धार शेवटपर्यंत सरळ. पाठ पुढे येऊन गोल खाली उतरते आणि धारेला मिळते. बाजूने बघितलं तर मेंढीच्या खुरासारखं दिसतं, म्हणून इंग्रजीत ह्याला शीप्सफूट म्हणतात. टोक जवळपास नाहीच.

शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांचं हे पातं. हलत्या डेकवर दोर कापताना माणूस कोलमडला तरी चाकू स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या अंगात घुसू नये, हा त्यातला फायदा. जाड दोर असला तर तो लाकडावर ठेवायचा, पातं वर टेकवायचं आणि पाठीवर लाकडी ठोकळ्याने एक ठोका द्यायचा. सरळ धार आणि जाड पाठ असल्याशिवाय हे जमत नाही. ब्रिटिश नौदलाच्या आणि लष्कराच्या घडीच्या चाकूंतही हेच पातं असायचं, आणि दुसऱ्या बाजूला दोराचे पीळ सोडवायचा जाडा लोखंडी टोचा. बोटीवरच्या दोन मुख्य कामांना दोन वेगळी अवजारं, दोन्ही एकाच मुठीत.

होडीवर एकच घडीचा चाकू ठेवायचा असेल, तर आमचं मत ह्याच पात्याला.

२. उतरत्या पाठीचं पातं

ह्याची पाठ मुठीपासून टोकापर्यंत सावकाश खाली उतरते. ह्याला ड्रॉप पॉइंट म्हणतात. टोक आहे, पण जाड आणि मजबूत. धारेला पोटही आहे. आमिष कापणं, लाकडाची खुंटी तासणं, पिशवी फोडणं, कांदा चिरणं, सगळं थोडं थोडं जमतं. घरी आणि धक्क्यावर वापरायला हा चाकू चांगला.

३. भाल्याचं पातं

टोक बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंनी सारखं निमुळतं. स्वित्झर्लंडच्या लाल मुठीच्या प्रसिद्ध चाकूचं मोठं पातं साधारण ह्याच जातीचं. कार्ल एल्सेनर ह्यांनी १८८४ मध्ये कारखाना सुरू केला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला लागले, आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. परदेशातून येणाऱ्या भावा-पुतण्यांनी आणून दिलेला असा चाकू आपल्याकडे कितीतरी घरांत असेल. वस्तू उत्तम, पण पातं पातळ. जाड दोरासाठी ते केलेलंच नाही.

४. कापलेल्या पाठीचं पातं

टोकाजवळ पाठीचा तुकडा कापून काढल्यासारखा दिसतो, त्यामुळे टोक बारीक आणि अतिशय तीक्ष्ण होतं. ह्याला क्लिप पॉइंट म्हणतात. मासळीचं पोट फोडायला, बारीक जागेत शिरायला हे छान. पण दोन अडचणी आहेत. टोक नाजूक असल्यामुळे उचकटायला गेलं की मोडतं. आणि हलत्या होडीत सगळ्यांत धोक्याचं पातं हेच.

जुन्या हिंदी सिनेमात दिसणारा लांब, टोकदार, खटका वाजवत उघडणारा रामपुरी आपल्याला ठाऊक आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरची ती जुनी कारागिरी, तिला नावं ठेवायची नाहीत. पण तो आकार आपल्या कामाचा नाही. जवान पोरांना तोच आवडतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

५. चोचीचं पातं

पोपटाच्या चोचीसारखं आत वाकलेलं. आपल्या कोयत्याचा धाकटा भाऊच म्हणा. पंख्याला दोर किंवा जाळं गुंडाळलं की ह्याच्यासारखं दुसरं पातं नाही. वाकडी बाजू दोराच्या खाली घालायची आणि आपल्याकडे ओढायची, दोर निसटत नाही. पण ओढताना शेवटी हात आपल्याच अंगाकडे येतो हे विसरू नका. पाय आणि पोट बाजूला ठेवूनच ओढा. आणि हे काम इंजिन पूर्ण बंद करून, पंखा वर घेऊनच. न्यूट्रलवर टाकून हात घालायचा नाही.

६. करवती धार

ही धार वेगळ्या आकाराची म्हणता येणार नाही, कुठल्याही पात्यावर करवतीसारखे दात काढलेले असतात. पूर्वीचे काथ्याचे आणि सुती दोर साध्या धारेने सहज तुटायचे. आताचे प्लॅस्टिकचे दोर गुळगुळीत आणि चिवट, बोथट धार त्यावरून घसरते. दात असले की पकड येते. पण दातांना घरच्या दगडावर नीट धार लावता येत नाही, आणि जाळ्यातला बारीक तंगूस दातांत अडकून जाळं उगाच फाटतं. म्हणून अर्धी धार साधी आणि मुठीकडची अर्धी करवती, असं पातं मिळालं तर ते दोर कापायला ठेवा. जाळं शिवताना साधी धारच बरी.

अमेरिकेतले गुरं राखणारे लोक एकाच चाकूत तीन पाती ठेवायचे: एक टोकदार, एक मेंढीच्या खुराचं, आणि एक गुरांच्या खच्चीकरणासाठी बोथट गोल टोकाचं. प्राण्याजवळ काम करताना टोक नको, एवढं त्यांना अनुभवाने कळलं होतं. प्राणी हलतो. आपली होडीही हलते.

पायाला दोर बसला तर

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कांडाळ सोडताना दोर भराभर पाण्यात जात असतो. पायाशी पडलेल्या वेटोळ्यात पाऊल गेलं की वेटोळं आवळतं आणि माणूस ओढला जातो. अशा वेळी विचार करायला वेळ नसतो, हाताला जे लागेल त्यानेच काम करावं लागतं.

दोर पायाला घट्ट बसलाय, तो आणि कातडी ह्यांच्यामध्ये पातं घालायचंय. टोकदार पातं असेल तर ते पहिल्यांदा पायातच जाणार. मेंढीच्या खुराचं पातं पाठीच्या बाजूने कातडीवरून सरकतं आणि दोराखाली शिरतं. मग धार बाहेरच्या बाजूला वळवून कापायचं. शक्य असेल तर पायाजवळ न कापता ताणलेल्या भागावर कापा, पायापासून हातभर पुढे. ताणलेला दोर धार लागताच तुटतो, सैल दोर नुसता हलत राहतो. दुसरा माणूस कापत असेल तर त्याने दोराच्या रेषेत उभं राहू नये, तुटलेला दोर चाबकासारखा मागे येतो.

इथे खरं बोलायचं तर घडीचा चाकू दुसऱ्या नंबरावर. तो खिशातून काढायचा, ओल्या नखाने खाचेत पकडायचा, दोन हातांनी उघडायचा, एवढ्या गोष्टी आहेत. एक हात दोरात अडकला तर उघडणारच नाही. म्हणून प्रत्येक होडीवर एक न मिटणारा, बोथट टोकाचा लहान चाकू म्यानात घालून, फळीला पक्का बांधून ठेवा. पुढे बसलेल्याचा आणि मागे बसलेल्याचाही हात पोचेल अशा जागी. त्या चाकूने मासळी कापायची नाही, कांदा चिरायचा नाही. तो फक्त जिवासाठी.

मूठ, खटका आणि गंज

पातं निवडलं की आणखी तीन गोष्टी बघा.

पहिली, खटका. साध्या चाकूत पातं नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर उभं राहतं. पाठीवर दाब आला की ते मिटतं, आणि मिटताना बोटं मध्ये असतात. मासळीच्या चिकट हाताने हे सहज होतं. होडीसाठी पातं उघडल्यावर पक्कं अडकणारा चाकूच घ्या.

दुसरी, मूठ. फ्रान्समधल्या सावोयच्या जोसेफ ओपिनेल ह्यांनी १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा एक साधा, स्वस्त चाकू काढला, तो आजही बनतो. पातं अडकवायला १९५५ मध्ये त्याला फिरवायची कडी आली. फार चांगला चाकू, पण लाकडी मूठ भिजली की फुगते आणि पातं आत घट्ट बसतं, उघडता उघडत नाही. कुठल्याही लाकडी मुठीचं हेच. शेतावर ठीक, पाण्यावर नको. होडीसाठी खरबरीत प्लॅस्टिकची किंवा रबरी मूठ घ्या. ती भडक रंगाची असेल तर आणखी चांगलं, होडीच्या तळाला पडली तरी दिसते. मुठीला भोक असावं. त्यात दोरी घालून चाकू होडीला किंवा कमरेला बांधा.

तिसरी, पोलाद. साध्या पोलादाला धार लवकर लागते, पण खाऱ्या पाण्यात ते रात्रीत गंजतं. स्टेनलेस हळू गंजतं, गंजत नाही असं नाही. आपल्या नदीचं पाणी पावसात गोडं आणि उन्हाळ्यात खारं, म्हणून उन्हाळ्यात चाकूची जास्त काळजी घ्या. घरी आलात की पातं उघडं ठेवून गोड्या पाण्याने धुवा, सांध्यातली खवलं काढा, पुसा, सुकवा आणि सांध्यात खोबरेलाचा एक थेंब सोडा. पाच मिनिटांचं काम.

आणि धार कायम लावून ठेवा. बोथट चाकूला जास्त जोर लावावा लागतो, आणि जोरात असलेला हात निसटला की थांबत नाही.

घरातल्यांसाठी

बाजारात बसणाऱ्या आमच्या आया-बहिणींनाही हे सांगायचंय. मासळी साफ करायला आदोळी आणि सुरीच बरी. घडीचा चाकू त्यासाठी वापरला तर सांध्यात रक्त आणि खवलं अडकून वास मारतो. कालवां उघडायला चाकूचं टोक घालू नका. त्याला आखूड, जाडं आणि बोथट पातं लागतं, कारण तिथे कापायचं नसतं, उचकटायचं असतं. पातळ टोक मोडतं नाहीतर मिटून बोटावर येतं. टोपलीत सुरी उघडी ठेवू नका, जुन्या पाइपाचा तुकडा चिरून धारेवर चढवला तरी पुरे.

हाताला लागलंच तर स्वच्छ कपड्याने दाबून धरा, हात वर ठेवा. नदीच्या पाण्यात बुडवू नका. मासळीच्या काट्याची किंवा चाकूची जखम लवकर पिकते, त्यामुळे खोल असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर अजिबात थांबू नका.

कायद्याबद्दल दोन शब्द

९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्र नियमांत शस्त्र म्हणून धरले जातात. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी केलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. आपल्याला एवढं लांब पातं लागतही नाही, तीन-साडेतीन इंच भरपूर झालं. होडीचा चाकू होडीवरच ठेवा. खिशात घालून जत्रेला, दारूच्या दुकानात किंवा भांडणाच्या जागी जायचं काहीच कारण नाही.

मग नेमकं काय करायचं?

आम्ही नार्व्यात असं ठरवलंय. प्रत्येक होडीवर एक बोथट टोकाचा, न मिटणारा चाकू, बांधलेला. प्रत्येकाच्या खिशात मेंढीच्या खुराच्या पात्याचा, पक्का अडकणारा घडीचा चाकू, दोरीसकट. पंख्यासाठी इंजिनाच्या पेटीत एक चोचीचं पातं. टोकदार चाकू घरी किंवा धक्क्यावर, पाण्यात नाही.

नवा घ्यायला पैसे नसतील तर तेही अडत नाही. जुना टोकदार चाकू गावच्या लोहाराकडे न्या आणि पाठीकडून टोक घासून गोल करून घ्या. घासताना पातं सारखं पाण्यात बुडवायला सांगा. तापून निळं पडलं की पोलाद मऊ होतं आणि मग धार टिकत नाही. ज्या भावाचा हात कापला होता त्याने तेच केलंय. चाकू तोच आहे, फक्त आता त्याला टोक नाही.

जाळी अजून अंगणात आहेत आणि ३१ जुलै यायला वेळ आहे. आज संध्याकाळी होडीवरचा चाकू घरी आणा, उघडून बघा आणि पोरांनाही दाखवा. तुमच्याकडे कुठला आकार वापरता आणि का, ते खाली जरूर लिहा. चाकूमुळे कुणाचा जीव वाचला असेल तर तेही लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल.

सांभाळून राहा.